वारुळावरचा प्रसाद

रानात फुकट मिळते ते सगळे आपलेच का, असा प्रश्न आम्हास पडतो. आषाढी करून वारकरी गावी परततात त्या सुमारास राधानगरीकडच्या सह्याद्रीच्या रानात वारुळांवर अळंबी उगवते. आम्हा कसबा बावडेकरांना ते रान परके नाही. तेथलेच पाणी भोगावतीवाटे पंचगंगेत येऊन आमच्या घाटाला लागते.

ही अळंबी माणसाच्या शेतात पिकत नाही. वाळवी वारुळात तिची शेती करते व तीवरच जगते. छत्री उमलली म्हणजे तिचे धुळीसारखे बी जमिनीवर पडते आणि नव्या वारुळातली वाळवी बहुधा तेच वेचून आत नेते. सगळ्या कळ्या खुडल्या, की बी राहिले. वारूळ खणले, की शेत आणि शेतकरी दोन्ही गेले.

कोणी म्हणेल, गरिबाच्या पोटाचे काय? अभयारण्यात १९७२ च्या कायद्याने मनाईच आहे. बाहेर पोटापुरते त्याने अवश्य घ्यावे. पण प्रसाद घेताना मागच्या पंगतीची आठवण ठेवायची असते ना? नागपंचमीला वारूळ पुजायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कुदळ घालायची, ही कसली भक्ती? चार छत्र्या उमलू द्याव्यात. भूतदया म्हणतात ती हीच, बाबांनो!