पालथं झोपण्याआधी

“नको म्हणायचं असेल तर पालथं झोपायच्या आधी म्हण, आत्या. एकदा का मसाज सुरू झाला की तुझ्याच्यानं नको म्हणवणार नाही.”

शलाका हसत बोलत होती, पण थट्टा करत नव्हती. माझी ही भाची आयटीआयमधून कॉस्मेटॉलॉजी शिकली, गोव्यातल्या हॉटेलांत तिनं उमेदवारी केली आणि आता काही वर्षं क्रूझच्या जहाजांवर स्पा थेरपिस्ट आहे. सध्या सुट्टीवर सावंतवाडीला आली आहे. मी आणि माझ्या मैत्रिणी यंदा ग्रीसच्या समुद्रात फिरायला निघालो आहोत: पिरेयस, मिकोनोस, सांतोरिनी, रोड्स. टूरवाल्यांनी सोबत स्पाचं कूपन भेट दिलंय. ते तिनं उलटसुलट करून पाहिलं आणि वरचा सल्ला दिला. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेली बाई असा सल्ला कारणं विचारल्याशिवाय घेत नाही.

“अगं, पण विकतात तरी काय एवढं?”

“क्रीम, सीरम, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल, आंघोळीचं मीठ. पण काय विकतात ते सोड, कधी विकतात ते बघ. पहिल्या दिवशी लोक चढतात तेव्हा केबिनी तयार नसतात. मग स्पाची सैर, लकी ड्रॉ, फुकटात हाताला मसाज. बुकिंग केलं की फॉर्म. त्यात विचारलेलं असतं, स्वतःच्या त्वचेत तुम्हाला काय खटकतं? म्हणजे आपली उणीव गेस्ट आपल्याच हातानं लिहून देते. मग पन्नास मिनिटं मंद दिवा आणि गरम तेल. खांद्याच्या पात्याशी अंगठा फिरवताना कर्रकर्र लागतं ना, तिथे थांबायचं. हळूच विचारायचं, जाणवलं? ती हो म्हणते. मग म्हणायचं, टॉक्सिन्स साठलेत.”

“असतात का तिथे?”

“शरीरातला कचरा काढायला लिव्हर आहे, किडन्या आहेत. हे मला आयटीआयलाच शिकवलं होतं. अंगठ्याला लागतो तो आखडलेला स्नायू.”

पुढचं तिनं करूनच दाखवलं. मला खुर्चीत बसवलं, खांद्यांवर टॉवेल टाकला, हातात कोमट पाण्याचा पेला दिला आणि स्वतः माझ्यासमोर उकिडवी बसली. नजर माझ्या नजरेच्या जरा खाली. गेस्टपेक्षा उंच राहायचं नाही, म्हणाली. जवळच्या वर्तमानपत्राच्या कडेवर तिनं चार खुणा केल्या, कागद माझ्याकडे फिरवला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, “आज चारही घेऊन जाणार, की सुरुवातीला तीनच देऊ?”

खोट्या पर्यायांचा हा तर्कदोष मी पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवला आहे. काहीच न घेण्याची वाट प्रश्नात ठेवलेलीच नव्हती, हे मला लख्ख दिसत होतं. तरी मनात पहिलं आलं ते ‘तीनच बरी’ असंच.

“बघितलंस?” ती उठत म्हणाली. “आणि तू तर घरच्या खुर्चीत, साडीत होतीस. तिथे गेस्टचे कपडे लॉकरमध्ये असतात. पैसे द्यायचे नसतात, केबिनच्या कार्डावर नुसती सही करायची. त्या खुणांच्या कागदाला आम्ही प्रिस्क्रिप्शन म्हणतो.”

“मग डॉक्टरांचे नियम लागू देत की. डॉक्टरनं आपल्या रुग्णाला स्वतः औषध द्यायला आपल्याकडे बंदी नाही. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेत अट एवढीच की रुग्णाची पिळवणूक होता कामा नये. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांच्या बाबतीत सेबी त्याही पुढे गेली. २०२०मध्ये तिनं सांगून टाकलं, एकाच गिऱ्हाइकाला सल्लाही द्यायचा आणि कमिशनवर मालही विकायचा, असं चालणार नाही. सल्ला आणि विक्री एकाच तोंडातून आली की ऐकणाऱ्याला कुठलं कुठलं ते कळत नाही.”

“म्हणजे मी सल्लाच देऊ नको? मला त्वचा कळते, आत्या. एक बाई आल्या होत्या, गाल लालबुंद. रोज दोनदा स्क्रब घासत होत्या. मी म्हटलं, आधी ते बंद करा आणि साधं मॉइश्चरायझर लावा. आमच्याकडचं घेतलं त्यांनी. शेवटच्या दिवशी मुद्दाम दाखवायला आल्या, गाल शांत झाले होते. ती विक्री वाईट?”

मला ती वाईट म्हणता येईना. नैतिक प्रश्नांची हीच अडचण आहे. सगळाच माल भंपक असता आणि विकणाऱ्या सगळ्याच जणी लबाड असत्या, तर प्रश्न पोलिसांचा झाला असता, आपला नव्हे. इथे खरा सल्ला आणि शिकवलेलं वाक्य एकाच मुलीच्या तोंडून, एकाच आवाजात येतं.

“तुझ्या त्या बाईंना गरज होती,” मी म्हटलं. “ती तू निर्माण केली नव्हतीस. टॉक्सिन्सची गरज तू निर्माण करतेस.”

“मी?” ती जरा तडकली. “वाक्य कंपनीचं, आकडा कंपनीचा. स्पा जहाजवाल्यांचा नसतो बरं का, ठेकेदार कंपनीचा असतो आणि कमाईतला वाटा जहाजाला जातो. आम्हाला पगार असा नसतोच म्हण, कमिशन असतं. कागदावर मी खलाशी. सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, आहे माझ्याकडे. सागरी कामगार करारानं दिवसाला दहा तास विश्रांतीही मिळते. पण संध्याकाळी पँट्रीतल्या फळ्यावर नावापुढे विक्री लिहितात. मसाज कितीही छान झाला, तरी फळ्यावर मसाज दिसत नाही.”

जहाजाचं गणित समजून घ्यायला मी थोडी आकडेमोड पाहिली आहे. कार्निव्हल ही या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी. २०२३ साली तिला तिकिटांतून सुमारे १४ अब्ज डॉलर मिळाले आणि जहाजावरच्या खर्चातून, म्हणजे बार, कॅसिनो, सहली, दुकानं, स्पा वगैरेंतून, सुमारे साडेसात अब्ज. एक तृतीयांशाहून जास्त उत्पन्न प्रवासी चढल्यानंतर होणार असेल, तर तिकीट हे त्या बाजारात शिरण्याचं निमित्त ठरतं. यात दोष नाही. जत्राही अशीच चालते. फक्त जत्रेतून माणूस हवं तेव्हा घरी जाऊ शकतो.

“माझ्या फिरतीत रोड्स आहे ना,” मी म्हटलं, “त्यावरून आठवलं. सिसेरोनं इ.स.पू. ४४मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक कोडं आहे. रोड्समध्ये दुष्काळ, धान्याला सोन्याचा भाव. अलेक्झांड्रियाहून एक सज्जन व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी पुष्कळ जहाजं येतायत हे त्यानं वाटेत पाहिलंय. त्यानं ते रोड्सच्या लोकांना सांगावं, की गप्प राहून चढ्या भावानं विकावं?”

“गप्प राहणार तो.”

“बॅबिलोनचा डायोजेनीस तेच म्हणतो. कायद्यानं सांगायला लावलेले दोष सांगितले, खोटं बोलला नाही, बस. न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, गिऱ्हाइकाला ठाऊक नाही असं काहीही विकणाऱ्यानं पोटात ठेवू नये. शेवटी दोघं एकाच समाजाची माणसं.”

शलाकानं थोडा विचार केला. “पण तो व्यापारी नुसता गप्प बसला, आत्या. मी गप्प नव्हते, बोलत होते. म्हणजे तुझा डायोजेनीससुद्धा मला सोडवणार नाही.”

“टॉक्सिन्सच्या वाक्यापुरता नाही.”

“आणि ते वाक्य काढलं तर? नुसतं म्हटलं, हे क्रीम चांगलं आहे, घ्या. मग तर मी त्या व्यापाऱ्यापेक्षा बरी. तो तर भुकेल्यांकडून पैसे काढत होता.”

“बरी कशी? त्यानं रोड्सच्या लोकांना आधी तासभर मालीश केलं नव्हतं. तो बंदरात उतरला तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होतं, हा विकायला आलाय. लोक कंबर कसून घासाघीस करायला उभे. तुझ्यासमोरची बाई डोळे मिटून पडलेली असते. इतका वेळ तू तिची काळजी घेणारी असतेस आणि शेवटच्या पाच मिनिटांत तू दुकानदार होतेस. हे कधी झालं ते तिला कोणी सांगत नाही.”

“ती काय कुक्कुलं बाळ आहे?” ही तिची ढाल मजबूत होती आणि तिनं ती नीट धरली. “साठीची बाई, आयुष्यभर नोकरी केलेली, स्वतःच्या पैशानं फिरायला आलेली. तिला नाही म्हणता येत नाही असं धरून चालणं हा तिचा अपमान नाही का? आम्ही जबरदस्ती करत नाही. नको म्हणणाऱ्या रोज भेटतात.”

“अमेरिकेत १९७०च्या दशकापासून एक नियम आहे. दारावर येऊन कोणी माल गळ्यात मारला, तर गिऱ्हाइकाला तीन दिवसांत सौदा मोडता येतो. तो अमेरिकेतल्या गृहिणींना खुळं समजून केलेला नाही. दुकानातून माणूस उठून जाऊ शकतो. स्वतःच्या घरातून उठून कुठे जाणार? म्हणून तिला तीन दिवस दिले. माणूस तोच, पण जागा बदलली की त्याचं नको म्हणण्याचं बळ बदलतं. तुमच्या जहाजावर तर गेस्टला तीच मुलगी उद्या जिन्यात भेटणार. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.”

“ट्रेनिंगमध्ये ही म्हण कोणी सांगितली नाही,” शलाका म्हणाली, “पण सगळं ट्रेनिंग तिच्यावरच होतं.”

इथे आमचं एकमत झालं असं मला वाटलं आणि मी कूपन पर्समध्ये ठेवायला लागले. पण मलाच एक गोष्ट खुपायला लागली.

“तू मला नको म्हणायला शिकवतेस. माझ्यासमोर त्या दिवशी कोण असेल?”

“बालीची असेल, फिलिपिन्सची, दक्षिण आफ्रिकेची. नाहीतर आपली मिझोरामची.”

“आणि माझ्या नकारानं तिचा आकडा पडेल.”

“पडेल.”

“मग तुला कुणी नको म्हणालं की कसं वाटायचं?”

“राग यायचा,” ती लगेच म्हणाली. “कंपनीचा नाही, गेस्टचा. पन्नास मिनिटं अंगठे मोडले आणि ही बाई एक मीठसुद्धा घेत नाही. नंतर केबिनमध्ये लाज वाटायची, पण राग पहिला.”

“मग मी एखादं क्रीम घेऊन टाकते. मला परवडतं. त्या मुलीचा दिवस सुधारेल.”

“मुळीच घेऊ नकोस!” ती इतक्या जोरात म्हणाली की आतून वहिनीनं काय झालं म्हणून विचारलं. “तू दयेनं घेतलंस तरी फळ्यावर दया लिहीत नाहीत, विक्री लिहितात. पुढच्या फेरीचं टार्गेट त्या आकड्याच्या वर लागतं. द्यायचंच असेल तर हातात रोख टिप दे. बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो, तो दिला म्हणजे झालं असं समजू नकोस.”

हा मुद्दा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नसता. भिडेनं केलेली खरेदी त्या एका मुलीला आज तारते आणि तिच्यासकट सगळ्यांचा उद्या जड करते. टिपेचं मात्र मला पुरतं पटलेलं नाही. टिप दिली म्हणजे तिच्या मालकानं द्यायच्या पगाराचा एक तुकडा मी लाजेपोटी भरला. पण दुसरं काही सुचत नाही म्हणून देणार आहे.

मग तिनं खरी गोष्ट काढली. कंपनीचं पत्र आलंय, पुढच्या कॉन्ट्रॅक्टला स्पा मॅनेजर. हुद्दा मोठा, केबिन एकटीची आणि हाताखालच्या मुलींच्या विक्रीवर टक्का.

“नाही म्हटलं तर दुसरी कोणी येईल,” ती म्हणाली. “कोण ते मला ठाऊक आहे. मुलींना रडवते ती. मी गेले तर निदान टॉक्सिन्सचं वाक्य बंद करीन.”

बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञानं १९७३मध्ये हेच कोडं घातलं होतं. जॉर्ज नावाचा रसायनशास्त्रज्ञ, बायको आणि लहान मुलं, नोकरी मिळत नाही. रासायनिक शस्त्रांच्या प्रयोगशाळेत जागा आहे. त्याला ते काम पटत नाही, पण तो गेला नाही तर तिथे दुसरा जाईल, तो हे काम हिरिरीनं करील. फायद्यातोट्याचा हिशेब म्हणतो, जा. विल्यम्सचं म्हणणं, या हिशेबात जॉर्ज स्वतः कुठे उरतो? मी हे शलाकाला सांगितलं. क्रीम म्हणजे विषारी वायू नव्हे, हेही सांगितलं, नाहीतर तिनंच सांगितलं असतं.

“वाक्य काढलंस की विक्री पडेल,” मी म्हटलं. “मग?”

“माझा टक्का पडेल. चालेल.”

“फक्त तुझा? फळ्यावर मुलींची नावं आहेत. आज त्या एका वाक्यानं बालीच्या मुलीच्या घरी पैसे जातात. तू ते काढून घेणार. तिला विचारणार आहेस?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग तिनं फोन काढून कंपनीला लिहिलेला मेलचा मसुदा मला दाखवला. पद स्वीकारते, पण दोन अटींवर: उपचाराच्या खोलीत विक्री नाही, ज्यांना हवं त्यांनी दुसऱ्या दिवशी काउंटरवर यावं, आणि मुलींना ठरलेला मूळ पगार. दुसरी अट तिनं लिहून खोडली होती, परत लिहिली होती.

“मानणार नाहीत,” मी म्हटलं.

“पहिली कदाचित मानतील, एखाद्या फेरीपुरती. दुसरी नाही.”

“मग पहिली मानली आणि दुसरी नाही, तर मुली मरतील. विक्रीही गेली, पगारही नाही.”

“म्हणूनच पाठवलेला नाही अजून,” ती म्हणाली. फोन तिनं उपडा ठेवला. “तो तुझा अँटिपेटर. त्यानं सगळं खरं सांगून स्वस्तात धान्य विकलं असतं, तर जहाजावरच्या खलाशांना मजुरी कुठून दिली असती?”

“त्याला द्यावी लागली नाही. त्याच्याकडे जहाज नव्हतं. तो अथेन्समध्ये शिकवायचा.”