मोडता येणारी घरं

मुंबईच्या कंबाला हिलवरची कांचनजंगा ही अठ्ठावीस मजली इमारत १९८३ मध्ये पुरी झाली. त्याच सुमारास खाडीपलीकडे बेलापूरला सिडको या सरकारी महामंडळाच्या एका वसाहतीचं काम सुरू झालं. आज तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. दोन्हींचे वास्तुकार चार्ल्स कोरिया.

मुंबईत पश्चिमेकडून वारा येतो, तसं दुपारचं ऊन आणि आडवा पाऊसही येतो. जुन्या बंगल्यांनी यावर भोवताली व्हरांडा काढला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उंचावर नेला आणि कांचनजंगाच्या कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या गच्च्या कोरल्या. फ्लॅट अवघे ३२. तिथे राहणाऱ्यांना मोकळं आकाश परवडत होतंच.

मला बेलापूरचं काम अधिक धाडसाचं वाटतं. सात घरांत एक अंगण आणि प्रत्येकाला स्वतःचा प्लॉट. सर्वांत लहान ४५ चौरस मीटरांचा, मोठाही त्याच्या दुपटीहून कमी. उत्पन्नातली तफावत जमिनीत उतरू द्यायची नाही, हा हट्ट. शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकांत अडकवल्या नाहीत (पाइपांचा खर्च वाचावा म्हणून संडास तेवढे जोडीने बांधले), कारण उद्या एकाला मजला चढवायचा झाला तर दुसऱ्याची परवानगी कशाला? बांधकामही साध्या गवंड्याला जमेल असं.

पुढे लोकांनी खरंच मजले चढवले. काहींनी तर कौलारू घर पाडून काँक्रीटचं उभं केलं. वास्तुकलेचे अभ्यासक त्यावर हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही, कारण पाडण्याची मुभा नकाशातच होती. खरी अडचण वेगळी. मजला चढवायला पैसा लागतो आणि मोक्याची जमीन गरिबाच्या हाती फार काळ टिकत नाही. त्यावर अंगणाची कितीही सुबक रचना केली तरी उपाय होत नाही.

कोरियांना हे उमगलं नव्हतं असं नाही. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह साठच्या दशकात त्यांनी नव्या मुंबईची कल्पना मांडली, ती जमिनीच्या हिशेबावरच उभी होती: सरकारने जमीन आधी ताब्यात घ्यावी, तिच्या वाढत्या किमतीतून शहर उभारावं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, कोरिया तिचे मुख्य वास्तुकार झाले. सरकारी कचेऱ्याही तिकडे जाव्यात अशी कल्पना होती, मंत्रालय मात्र दक्षिण मुंबईतून हललं नाही. १९९६ मध्ये मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या जमिनींसाठी नेमलेल्या अभ्यासगटाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आलं. गटाने गिरणगावाचा एकत्रित विचार करून आराखडा दिला. या जमिनीचा काही वाटा मोकळ्या जागा आणि स्वस्त घरांसाठी द्यावा असा नियम होता. २००१ मध्ये तो असा बदलला, की गिरणीच्या आवारातली आधीपासून मोकळी असलेली जागाच तेवढी वाटणीला उरली. बाकीच्या जमिनीवर काय उगवलं, ते लोअर परळला उतरलं की दिसतंच.