शेजाऱ्याच्या शेतात विळा

शास्त्रपाठ : अनुवाद २३:२४, २५, निर्गम २१:३३, ३४



मोशेच्या नियमशास्त्रात शेतासंबंधी एक लहानशी आज्ञा आहे. दहा आज्ञांप्रमाणे ती मुलांकडून पाठ करवून घेत नाहीत, आणि उपदेशपीठावरूनही तिचा उल्लेख क्वचितच होतो. तिचा आशय असा की, शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यातून जाणाऱ्याने भूक भागेपर्यंत द्राक्षे खावी, परंतु भांड्यात भरून नेऊ नये. आणि उभ्या पिकातून जाणाऱ्याने हाताने कणसे तोडावी, परंतु त्या पिकाला विळा लावू नये. आमचे वाचक बहुतेक शेतकरी आहेत. त्यांस ही आज्ञा समजावून सांगावी लागेल असे नाही. हुरड्याच्या दिवसांत वाटसरूने ज्वारीचे एक कणीस मोडले, किंवा कोणा पोराने हरभऱ्याचा डहाळा उपटला, तर भला शेतकरी त्याच्यामागे काठी घेऊन धावत नाही. परंतु तोच मनुष्य रात्री विळा व पोते घेऊन आला, तर त्यास काय म्हणावे हे साऱ्या गावाला ठाऊक असते.

प्रभूचे शिष्य शब्बाथ दिवशी शेतातून जात असता कणसे मोडून खाऊ लागले, ही कथा आपण मत्तयाच्या बाराव्या अध्यायात वाचतो. परूश्यांनी त्यांस शब्बाथ मोडल्याचा दोष लावला. चोरीचा दोष मात्र कोणीही लावला नाही. दोष काढण्यात इतके तरबेज असलेले ते लोक, पण ह्या एका बाबतीत ते गप्प राहिले, कारण तेवढा हक्क भुकेल्याला आहे हे त्यांस मान्य होते. म्हणजे देवाने शेतकऱ्याला बांध दिला, पण बांधाला वाटही ठेवली. जमीन माझी आहे, म्हणून तीत कोणाचे पाऊलही पडता कामा नये, असे इस्राएलातील शेतकऱ्याला म्हणता येत नव्हते. आणि वाट आहे, म्हणून मी हवे ते करीन, असे वाटसरूलाही म्हणता येत नव्हते. भुकेला मनुष्य विळा घेऊन निघत नाही. जो विळा घेऊन निघतो, तो घरूनच मनाशी काही ठरवून निघतो.

आता शिकाऱ्याची बंदूक ही ह्या विळ्याच्या जातीची आहे असे आम्हांस वाटते. शिकार हीच मुळात पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. एसाव शिकारी होता, आणि इसहाकाला ते मांस आवडे. लेवीय १७:१३ मध्ये शिकार केलेल्या प्राण्याच्या रक्तावर माती घालण्याचा नियम दिला आहे, यावरून ती गोष्ट इस्राएलात चालत होती हे उघड आहे. प्रश्न निराळा आहे. शिकाऱ्याच्या मनात सावज असते, त्याच्या डोळ्यांसमोर सावज असते, आणि त्या सावजाच्या पलीकडे कोणाचे घर आहे, कोणाचे खळे आहे, हे त्यास दिसत नाही. ह्याचे एक उदाहरण मिसर देशात घडले आहे. जेथे योसेफाने दुष्काळासाठी धान्य साठविले व जेथे बाळ येशूस हेरोदापासून लपविण्यासाठी नेले, त्याच देशातील ही गोष्ट आहे.

नील नदीच्या मुखाकडील सखल प्रदेशात दनशवाय नावाचे एक लहान गाव आहे. तेथील शेतकरी पारवे पाळीत. मातीचे उंच मनोरे बांधून त्यांत पारव्यांसाठी खाने ठेवीत. पाखरे दिवसा रानात चरून सायंकाळी मनोऱ्यात परत येत. त्यांचे मांस घरी खाण्यास व विकण्यास उपयोगी पडे, आणि त्यांची विष्ठा शेताला उत्तम खत म्हणून घालीत. आपल्याकडे गरीब घरी चार कोंबड्या असतात, तशीच ही त्यांची मालमत्ता होती. फरक इतकाच की, कोंबडी अंगणात राहते आणि पारवा उडतो.

सन १९०६ च्या जून महिन्याची १३ वी तारीख. तेव्हा मिसरात इंग्रजांचे सैन्य ठाण मांडून होते. कैरोहून अलेक्झांड्रियाकडे कूच करणाऱ्या एका तुकडीचा तळ जवळच पडला होता. त्यांतील पाच अंमलदार बंदुका घेऊन पारवे मारण्यासाठी दनशवायला आले. त्या भागातील एका जमीनदाराने त्यांस बोलाविले होते, व त्यांच्यासाठी गाड्याही पाठविल्या होत्या. पूर्वीही अशी शिकार तेथे झाली होती, आणि गावकऱ्यांस ती रुचली नव्हती. ह्या वेळीही हसन महफूझ नावाच्या एका वृद्धाने त्यांस बजावले होते. गावचा उमदा, म्हणजे आपल्याकडील पाटलासारखा अधिकारी, त्या दिवशी गावी नव्हता. त्याच्याकडे परवानगीसाठी मनुष्य पाठविण्यात आला. पण उत्तराची वाट कोणी पाहिली नाही.

येथे, वाचकहो, आम्ही क्षणभर थांबतो. हे अंमलदार दरोडेखोर नव्हते. त्यांच्या समजुतीने त्यांस आमंत्रण होते, व आकाशात उडणारे पाखरू कोणाचेच नसते. चूक केवढीशी? आमंत्रण ज्याने दिले त्याचे पारवे नव्हते, आणि ज्यांचे पारवे होते त्यांस कोणी विचारले नाही. अहाब राजा दुष्ट होता, तरी त्याने नाबोथाकडे स्वतः जाऊन त्याचा मळा मागितला, आणि मोबदलाही देऊ केला. पुढे जे भयंकर कृत्य झाले ते झाले, परंतु मळा कोणाचा हे अहाबाला पक्के ठाऊक होते. दनशवायात पारवे कोणाचे हा प्रश्नच त्या दुपारी कोणाच्या मनात आला नाही. थोरामोठ्याची संमती मिळाली की धाकट्याची गृहीत धरावयाची, हा रोग केवळ परकीय अंमलदारांनाच होतो असे नाही.

बार उडू लागले. कापणी होऊन गहू खळ्यावर आला होता. त्याच सुमारास एका खळ्याला आग लागली, आणि ती बंदुकीनेच लागली असे लोकांस वाटले. लोक धावून आले व बंदुका हिसकावू लागले. त्या झटापटीत एक बंदूक उडाली, आणि अब्दुन्नबी नावाच्या गावकऱ्याची बायको व आणखी काही माणसे छऱ्यांनी जखमी झाली. बाई मेली अशी हाकाटी उठली. मग मात्र जमाव आवरेना. अंमलदारांनी आपल्या बंदुका देऊन टाकल्या, तरीही त्यांस काठ्यांनी व विटांनी मारहाण झाली. शस्त्र खाली ठेवलेल्या माणसाला मारणे हे पाप आहे. ते शेतकऱ्याने केले म्हणून ते पुण्य होत नाही, हे आम्हांस स्पष्ट म्हटले पाहिजे. दोन अंमलदार मदत आणण्यासाठी तळाकडे पळत सुटले. जूनचे मिसरातील दुपारचे ऊन, आणि डोक्याला मार लागलेला! त्यांतील एक, कप्तान बुल, वाटेत कोसळला व मरण पावला.

पुढे जो न्याय झाला तो वाचून अंगावर काटा येतो. परकीय सैन्याविरुद्धच्या अपराधांसाठी सन १८९५ मध्ये एक खास न्यायासन निर्माण करण्यात आले होते, आणि त्याच्या निकालावर अपील नव्हते. त्याच्यापुढे ५२ गावकरी उभे करण्यात आले. तीन-चार दिवसांत सुनावणी संपली. २१ जण दोषी ठरले. चौघांस फाशी, दोघांस जन्मठेप, एकास पंधरा वर्षे, सहांस सात सात वर्षे, तिघांस एक वर्ष कैद व पन्नास फटके, आणि पाच जणांस पन्नास फटके. ज्या वृद्धाने आधी बजावले होते, त्या हसन महफूझाला फाशी झाली. ज्या अब्दुन्नबीची बायको जखमी झाली, त्यास जन्मठेप झाली. २८ जून रोजी त्यांच्याच गावात, त्यांच्या बायकामुलांच्या देखत, शिक्षा अमलात आणली. एकेकाचे शव दोरीला लोंबत असता दोघादोघांस फटके मारण्यात आले. पाच माणसांच्या दुपारच्या करमणुकीपासून हे सर्व सुरू झाले.

आम्हां ख्रिस्ती लोकांस ह्यांत आणखी एका गोष्टीची लाज वाटली पाहिजे. त्या न्यायासनाच्या अग्रस्थानी जो पुरुष बसला होता, तो बुत्रोस घाली पाशा, प्राचीन कोप्ती ख्रिस्ती मंडळीतला होता. न्यायासनावर इतरही होते, इंग्रज होते, मुसलमानही होता; सर्व दोष त्या एकट्याच्या माथी मारणे योग्य नाही. पुढे तो मिसराचा मुख्य प्रधान झाला, आणि सन १९१० मध्ये एका तरुणाने त्याचा खून केला. त्या तरुणाने दिलेल्या कारणांत दनशवायचा निकालही होता. लॉर्ड क्रोमर, जो त्या देशाचा खरा कारभार पाहत असे, त्याने १९०७ साली आपले पद सोडले; आणि तुरुंगात राहिलेल्या गावकऱ्यांस १९०८ च्या आरंभी माफी मिळाली. फासावर गेलेल्यांस माफीचा काय उपयोग?

आता आपल्या गावांकडे वळू. परकीय सैन्य गेले, आणि बंदुकीची शिकारही कायद्याने बंद झाली; सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाचीच काय, पण सशाची व तितराचीही शिकार गुन्हा ठरली आहे. म्हणून हा विषय आपला नव्हे, असे कोणी समजू नये. रात्री विजेऱ्या व कुत्री घेऊन लोक आजही हरभऱ्यातून धावतात, हे आमच्या वाचकांस आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्यांत कधी कधी आपल्या मंडळीतली मुलेही असतात. ससा मिळतो किंवा निसटतो. सकाळी शेतकरी येऊन पाहतो तो घाटे धरलेले चार सरे तुडवलेले. मग बोलाचाल होते, बोलाचालीची शिवीगाळ होते, आणि दोन घरे प्रभुभोजनाच्या दिवशी एकमेकांकडे पाठ करून बसतात. त्या मुलांच्या आईबापांनी ‘पोरे आहेत’ एवढे म्हणून विषय सोडू नये. स्वतः मुलाचा हात धरून त्या शेतकऱ्याच्या दारी जावे, आणि नुकसान किती हे त्याच्याच तोंडून ऐकावे.

परंतु आमचे अधिक बोलणे शेतकरी बंधूंशी आहे, कारण त्यांची बाजू न्याय्य आहे, आणि ज्याची बाजू न्याय्य असते तो सर्वांत सहज घसरतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभी ज्वारी लोळवितो, भुईमूग उकरून टाकतो. माळ्यावर जागून, गोफण फिरवून, डबे वाजवून माणूस थकतो. उपद्रवी जनावरासंबंधी वनखात्याकडे अर्ज करण्याची वाट कायद्याने ठेवली आहे, पण ती वाट लांब असते आणि कळप मात्र आज रात्रीच येणार असतो. मग कोणी खांबावरून वीज घेऊन बांधाभोवती उघडी तार सोडतो. हेतू डुकराचा, पण तार डुक्कर व माणूस यांत भेद करीत नाही. पहाटे पाणी धरायला निघालेला शेजारी, चुकलेली शेळी शोधणारे पोर, सशामागे धावणारा तोच उनाड मुलगा, असे लोक आपल्या महाराष्ट्रात अशा तारांना लागून मेले आहेत. आणि कित्येकदा तार लावणारा स्वतःच तिच्यावर मेला आहे.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात खड्ड्याचा नियम आहे. कोणी खड्डा खणून तो उघडा ठेवला व त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर खड्डा ज्याचा त्याने भरपाई करावी. बैल तिकडे का आला, हे शास्त्र विचारीत नाही. त्याच्या धन्याने त्यास का सोडला, हेही विचारीत नाही. खड्डा उघडा होता, एवढेच विचारते. जेथे बैलासाठी इतका नियम, तेथे माणसासाठी किती? ‘माझ्या बांधाच्या आत का आला?’ हा प्रश्न प्रेतापुढे उभा राहून विचारता येत नाही. दनशवायच्या लोकांची पाखरे त्यांची होती, खळे त्यांचे होते, बोलणे खरे होते. तरी जेव्हा हात उचलला तेव्हा त्यांच्या हातून न्याय निसटला, आणि तो ज्यांच्या हाती गेला त्यांनी तो फाशीच्या दोरीने परत केला.

म्हणून ज्या कोणा बंधूने अशी तार लावली असेल, त्याने हे पत्र वाचून झाल्यावर, उद्याची वाट न पाहता, प्रथम वीज बंद करून ती काढावी. राखण एकट्याने होत नसेल तर शेजारशेजारच्या शेतकऱ्यांनी पाळ्या लावाव्या. मंडळीतील तरुणांनी, आणि विशेषतः विजेऱ्या घेऊन हिंडणाऱ्यांनी, त्या पाळ्यांत आपली नावे द्यावी. त्यांचे डोळे रात्री चांगले चालतात हे आपण पाहिलेच आहे. नुकसानभरपाईचे अर्ज ज्यांस लिहिता येत नाहीत, त्यांस पाळकांनी व शाळामास्तरांनी लिहून द्यावे.

त्या मिसरातील दुपारची एक गोष्ट सांगावयाची राहिली. कप्तान बुल वाटेत पडला, तेव्हा एक गरीब शेतकरी त्याच्या मदतीला आला. तो परकीय आहे, त्याच्या बंदुकीने गावात काय झाले, ह्याची त्याने चौकशी केली की नाही, कोण जाणे. एवढ्यात तळावरून शिपाई धावत आले. मरणाऱ्या साहेबाजवळ एक फल्लाह पाहून त्यांनी ह्यानेच त्यास मारले असे ठरविले, आणि जागच्या जागी त्यास ठार केले. लूकाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी सरायवाल्याला दोन नाणी देऊन पुढे गेला होता. ह्या माणसाला पुढे जाता आले नाही. त्याच्या खुनाबद्दल कोणाला शिक्षा झाली नाही.