शिक्षा आणि अबोला

परवा कीर्तन आटोपून आम्ही उपरण्याची घडी करीत होतो, तोच एक वयस्क माळकरी पुढे आले. त्यांचा नातू लष्करी शिक्षण घेत आहे. "बुवा," ते म्हणाले, "एका पोराने बूट नीट पुसले नाहीत आणि सबंध तुकडीला मैदानाच्या चकरा! हा कुठला न्याय?" आम्ही तेथल्या तेथे काहीतरी उत्तर दिले खरे, पण ते आमचे आम्हालाच पटले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

'शास्' या एकाच धातूपासून शासन, शास्त्र आणि शिष्य हे शब्द निघाले. ज्याला शासन करता येते तो शिष्य. 'शिक्षा' म्हणजे तर मुळात शिकणे. मराठीने तिला दंडाचा अर्थ चिकटविला. छड्या खाल्लेल्या पोरांनीच तो चिकटविला असावा! असो. सैनिकाच्या धंद्यात एकाच्या गाफीलपणाने दहा जण मरतात. शेजाऱ्याचा बूट तो माझाही बूट, हे अठराव्या वर्षी अंगात मुरवावे लागते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षांची सहा सत्रे असतात. जो कमी पडेल त्याला सत्रभर मागे ठेवतात. बरोबरचे सवंगडी पुढे जातात, हा मागे. कठोर आहे, पण वाट बंद नाही.

वाट बंद करणारी शिक्षा वेगळीच. अमेरिकेत हडसन नदीच्या काठी वेस्ट पॉइंट येथे १८०२ साली स्थापन झालेली लष्करी प्रबोधिनी आहे. छात्राने खोटे बोलू नये, फसवू नये, चोरू नये आणि असे करणाऱ्याला खपवूनही घेऊ नये, असा तेथला नियम. नियम सोन्यासारखा. पण त्याच्या आडोशाला एक शिक्षा वाढली, ती अबोल्याची. जो छात्र दोषी असूनही निघून जात नाही, त्याच्याशी कामापुरते सोडून कोणी बोलायचे नाही, त्याच्या खोलीत राहायचे नाही, पंगतीला त्याच्याजवळ बसायचे नाही.

१९३२ साली बेंजामिन डेव्हिस नावाचा तरुण तेथे दाखल झाला. त्याने नियम कोणताच मोडला नव्हता. तो कृष्णवर्णी होता, एवढाच त्याचा अपराध. चार वर्षे तो खोलीत एकटा राहिला, मुकाट्याने जेवला. वरिष्ठांनी ते थांबविले नाही. १९३६ साली २७६ जणांत पस्तिसावा येऊन तो बाहेर पडला, महायुद्धात त्याने वैमानिकांच्या तुकड्यांचे नेतृत्व केले आणि १९५४ साली तो अमेरिकी वायुदलातला पहिला कृष्णवर्णी जनरल झाला. २०१७ साली त्याच प्रबोधिनीत छात्रांच्या नव्या निवासाला त्याचे नाव दिले गेले. भिंतीवर नाव आले. पण त्या चार वर्षांतले जेवण कोण गोड करणार?

पुढे १९७१ साली, परीक्षेची वेळ संपल्यावरही लिहीत राहिला असा ठपका एका छात्रावर आला. वरिष्ठांनी तो निर्णय रद्द केला, तरी सोबत्यांनी अबोला सोडला नाही. १९७३ साली ही चाल बंद झाली. मग १९७६ साली तेथे कॉपीचे मोठे प्रकरण होऊन दीडशेवर छात्र बाहेर गेले. पण त्यांना पुढच्या वर्षी परत येण्याची मुभा मिळाली, आणि दोष म्हणजे हकालपट्टीच, हा दंडकही सैल झाला.

आम्हा मराठी माणसांना या अबोल्याचे नवल वाटू नये. त्याला आपल्याकडे वाळीत टाकणे म्हणतात. आळंदीत चार लेकरांना गावाने तेच केले होते, आणि त्यांचा तरी काय अपराध होता? वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला कायदा करावा लागला तो २०१६ साली. म्हणजे सातशे वर्षांत आम्ही फारसे शहाणे झालो नव्हतो. गंमत अशी, की वाळीत टाकणारा कोण, हे कधी कळत नाही. जो तो म्हणतो, "मी कुठे काय केले? मी फक्त बोललो नाही." ज्या शिक्षेला देणारा नाही, तिला माफ करणारा तरी कोठून येणार?

आता आपल्या वाटेवरची गोष्ट पाहा. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. लष्करालाही हेवा वाटावा अशी ही शिस्त. पण एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल, तर तिचे टाळ चालूच राहतात. चोपदार तिच्यावर रागावत नाहीत. जवळ जातात, काय झाले ते पुसतात, ऐकून घेतात.

त्या माळकऱ्यांना आम्ही निरोप धाडला, की चकरांचे दुःख करू नका. नातवाला एवढेच विचारा की चकरा झाल्यावर तुकडी त्या बूटवाल्या पोराशी बोलली का. आठ दिवसांनी त्यांचे कार्ड आले. पोरे दोन दिवस बोलली नाहीत. तिसऱ्या दिवशी यांच्याच नातवाने त्याला पॉलिशची डबी दिली.