शजऱ्याबाहेरच्या आया

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्याला दोन बाजूंनी विचारला जातो. बाहेरचे विचारतात तेव्हा त्यात संशय असतो, आपल्यातलेच विचारतात तेव्हा प्रतिष्ठा असते. इस्लाममध्ये जातपात नाही असे व्यासपीठावरून सांगून आपण घरी येतो आणि मुलीसाठी स्थळ पाहताना हळूच नसब विचारतो. घराणे सय्यदांचे की शेखांचे, पठाणांचे की पिंजाऱ्यांचे? विणकर अन्सारी झाले, खाटीक कुरेशी झाले. मदिनेच्या आणि मक्केच्या लोकांशी नाते सांगितल्यावर तरी कुणी मान देईल, ही त्यामागची आशा. त्या आशेला हसण्याचा अधिकार निदान मान अडवून बसलेल्यांना नाही.

आता या जुन्या प्रश्नाच्या उत्तरासाठी शजऱ्याच्या कागदाऐवजी हाडे पुढे केली जात आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कवटीत कानाच्या आतल्या भागाभोवती एक अत्यंत घट्ट हाड असते. त्याला बारीक छिद्र पाडून चिमूटभर भुकटी काढतात आणि तिच्यातून डीएनएचे तुटके तुकडे गोळा करून वाचतात. या विद्येचा पाया घालणारे स्वान्ते पाबो यांना २०२२ साली नोबेल मिळाले. आपल्यासारख्या उष्ण, दमट हवेत मात्र डीएनए लवकर नष्ट होतो. हरियाणातील राखीगढी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तिथल्या सांगाड्यांचे एकसष्ट नमुने तपासले, तेव्हा कुठे एका स्त्रीचा डीएनए वाचता आला. सिंधू संस्कृतीच्या भरभराटीच्या काळातली ही बाई, आजपासून सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची.

सप्टेंबर २०१९ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. तिच्यात गवताळ प्रदेशातून आलेल्या पशुपालकांचा अंश नव्हता. इराणच्या प्राचीन लोकांशी दूरचे नाते असलेला एक प्रवाह आणि इथल्या आदिम शिकारी लोकांचा दुसरा प्रवाह यांचे मिश्रण तिच्यात होते. लगेच एका गटाने आरोळी दिली, बाहेरून कुणी आलेच नाही! गंमत अशी की त्याच सुमारास, यातल्या अनेक संशोधकांच्याच सहभागाने, दुसरा निबंध छापून आला होता. त्यात ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएच्या आधारे ते पशुपालक इसवी सनपूर्व २००० ते १५०० या काळात इकडे पोहोचल्याचे मांडले होते. सरळ अर्थ एवढाच की ती बाई त्यांच्या आधी मरण पावली होती. पण तिला साक्षीला उभे करायचे होते, तिची साक्ष ऐकायची नव्हती.

आपल्यातही एक युक्तिवाद रूढ होतो आहे. आम्ही धर्म बदललेले, रक्त इथलेच, हवे तर तपासून घ्या, असे आपले सुशिक्षित तरुण तावातावाने सांगतात. बहुसंख्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. तरीही हा युक्तिवाद आम्हाला धोक्याचा वाटतो. उद्या एखाद्या घराच्या रक्तात इराण निघाला तर त्या घराने बिऱ्हाड उचलायचे काय? नांगरलेले शेत, भरलेला सारा, कबरस्तानात निजलेल्या दहा पिढ्या, हे सारे एका चिमूटभर भुकटीपुढे रद्दबातल ठरवायचे? ‘तपासा’ म्हणताना तपासणाऱ्याचा अधिकार आपण मान्य करून बसतो.

या बाबतीत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याचे उदाहरण बोलके आहे. केनिया आणि टांझानियाच्या किनाऱ्यावर स्वाहिली मुसलमानांची जुनी शहरे आहेत. किल्वा त्यांपैकी एक. प्रवाळाच्या दगडांत बांधलेली तिथली मशीद आजही उभी आहे; इब्न बतूता १३३१ साली तिथे गेला होता. किल्वाच्या जुन्या इतिवृत्तात शहराची स्थापना इराणातील शिराझहून आलेल्या राजपुत्राने केल्याची कथा आहे, आणि अनेक स्वाहिली घराणी स्वतःला शिराझी म्हणवतात. वसाहतवादी पंडितांना ही कथा फार आवडली. काळ्या माणसांना अशी शहरे बांधता येणारच नाहीत, ती बाहेरच्यांनी बांधली, असे म्हणायची सोय झाली. स्वातंत्र्यानंतरच्या अभ्यासकांनी उलट बाजूने शिराझी कथेला निव्वळ बडेजाव ठरवले.

मार्च २०२३ मध्ये या किनाऱ्यावरील आणि जवळच्या अंतर्भागातील ऐंशी माणसांच्या प्राचीन डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही माणसे साधारण १२५० ते १८०० या काळातली. किनाऱ्यावरच्या अनेकांचा निम्म्याहून अधिक वारसा आफ्रिकी निघाला, तोही मुख्यतः स्त्रियांकडून आलेला. उरलेला आशियाई, त्यात बहुतांश इराणी पुरुषांचा आणि थोडा हिंदुस्थानचाही. हे मिश्रण इसवी सन १००० च्या सुमारास सुरू झाले, म्हणजे तिथे इस्लाम पसरला त्याच काळात. सुमारे १५०० नंतर अरबी अंश वाढत गेला.

म्हणजे शिराझी म्हणवणारे खोटे बोलत नव्हते. त्यांनी फक्त बापांची हकीकत सांगितली होती. आयांची हकीकत सांगायला त्यांच्याकडे कागदच नव्हता. आणि तरी ती त्यांच्या तोंडात होती! स्वाहिली भाषेत अरबी शब्द भरपूर, पण तिचा सांगाडा आफ्रिकी, बांटू कुळातला. मुले आईची भाषा बोलत राहिली. तिथे लग्नानंतर नवऱ्याने बायकोच्या घरी राहायला जायची चाल होती, हेही ध्यानात घेण्यासारखे.

शजरा म्हणजे वृक्ष. पण आपल्या घरांतल्या शजऱ्यांना फांद्या नसतात, एकच सरळ खोड वर जाते: अमुक बिन तमुक बिन तमुक. हिशेब करून पाहावा. दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या जागा १०२४ होतात, वीस पिढ्या मागे गेले की दहा लाखांहून जास्त. काही माणसे त्यांत दोनदा-चारदा येत असतील, ते सोडून द्या. त्यांतून एकच एक पुरुष निवडून आपण त्याच्या नावाने मान मागतो किंवा दुसऱ्याचा मान नाकारतो. बाकीच्यांनी काय अपराध केला? कुरआनात ज्या आयतीत माणसांच्या कुळांचा आणि कबिल्यांचा उल्लेख आहे, तिथे आरंभीच पुरुष आणि स्त्री या दोघांचा निर्देश आहे आणि कुळांचे प्रयोजन परस्परांची ओळख एवढेच सांगितले आहे. आपल्या नसबनाम्यांनी त्यातला अर्धा भाग गाळला.

इथे एक शंका येणारच. मय्यतीचे हाड मोडू नये, अशी आपल्याकडे शिकवण आहे. मग कबरी उघडून कवटीला छिद्र पाडणे कसे चालेल? ही शंका जुनाट म्हणून झटकून टाकता येणार नाही. ज्याच्या हाडाला हात लावायचा तो नकार देऊ शकत नाही, म्हणून विचारण्याची जबाबदारी उलट वाढते. केनियातील मटवापा येथे चापुरुखा कुसिंबा या केनियन मानववंशशास्त्रज्ञाने स्थानिक मुस्लिम वस्तीच्या संमतीने काम केले. नमुने घेतले आणि त्याच हंगामात अस्थी पुन्हा दफन केल्या. वसाहतींच्या काळात कवट्या पेट्यांत भरून युरोपात गेल्या, त्या अजून संग्रहालयांच्या कपाटांत आहेत. दोन्हीकडे विज्ञानाचेच नाव घेतले गेले.

किल्व्यावरून कोकण आठवल्याशिवाय राहत नाही, कारण समुद्र एकच. कोकणी मुसलमानांत अरब पूर्वजांची परंपरा सांगतात, आणि ती निराधार नाही. अल-मसूदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे रायगड जिल्ह्यातले आजचे चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याची त्याने नोंद केली. त्यांपैकी कोण सिराफचा, कोण ओमानचा, कोण बसऱ्याचा आणि कोण बगदादचा, हे त्याने लिहून ठेवले. हे लोक इथेच लग्ने करून स्थायिक झाले, हेही लिहिले. इथे जन्मलेल्या मुसलमानांसाठी चालणारा ‘बयासिरा’ हा वेगळा शब्दही त्याने नोंदवला.

बायका कुठल्या गावच्या, ते त्याने लिहिले नाही. त्यांची मुले ज्या भाषेत आईला हाक मारत असतील तिचीच लेक असलेली कोकणी कोकणी मुसलमानांच्या घरांत आजही बोलली जाते.