किल्ली खिशात होती म्हणे!

"सर, इंजिन चालू होतं, पण किल्ली माझ्या खिशात होती." हे उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. तू आयटीआयला मोटार मेकॅनिक ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहेस! बटणावर सुरू होणारी गाडी एकदा चालू झाली की किल्ली लांब गेली म्हणून बंद पडत नाही. भर रस्त्यात इंजिन बंद पडून अपघात होऊ नये, म्हणून तशी रचना असते. बझर वाजतो, किल्ली सापडत नसल्याची सूचना येते आणि गाडी चालतच राहते. हे शिकवलं तेव्हा मान कशाला डोलावलीस?

वडिलांच्या टुरिस्ट गाडीचा एसी चालू ठेवून चहाला उतरलास. "दोनच मिनिटं." चोराला त्याच्या अर्धीही लागत नाहीत.

गाडी घरी असते त्या रात्री तीच किल्ली कुठे असते? दाराजवळच्या खिळ्याला, आणि गाडी भिंतीपलीकडे. एक जण अँटेना घेऊन दाराशी, दुसरा गाडीपाशी उभा राहतो. गाडीचा सिग्नल ते किल्लीपर्यंत नेतात, किल्लीचं उत्तर गाडीला देतात. काच फुटत नाही, कुत्रंही भुंकत नाही. किल्ली दारापासून लांब, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेव. नुसती ठेवू नकोस, तो डबा गाडीजवळ नेऊन दार उघडतं का ते तपास.

स्टिअरिंगखाली ज्या ओबीडी सॉकेटला तू स्कॅनर लावतोस, तिथेच चोर आपलं यंत्र लावून काही गाड्यांसाठी नवी किल्ली तयार करतात. अशा चोराला अडवायलाच वडिलांनी लोखंडी गिअर लॉक आणलं होतं. "जुनाट दिसतं" म्हणत तू ते डिकीत फेकलंस. अरे, ते कोणत्याही यंत्रानं सिग्नल पाठवून उघडता येत नाही. कापावं लागतं, वेळ जातो, आवाज होतो.

पण माझं डोकं फिरलं ते "विमा आहे की सर" या वाक्यानं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपया मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, गाडी कशी सोडली होती ते विचारते. चालू इंजिनाची गाडी सोडून गेलास हे कळल्यावर दाव्यावर वाद होणारच. मंजूर झाला तरी पैसे आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या हिशेबानं, त्यातून आधी बँकेचं कर्ज वळतं होणार. तोवर टुरिस्टचं भाडं बंद आणि हप्ते चालू. तुझे वडील रात्र-रात्र विमानतळाच्या फेऱ्या मारतात, ते तुझ्या फीसाठीही मारतात. त्यांच्या पोटावर पाय देण्याचा अधिकार तुला कुणी दिला?

मूळ आरसीही गाडीच्या कप्प्यात ठेवतोस ना? डिजिलॉकरमधली चालते, मूळ प्रत घरी ने. आज संध्याकाळी वडिलांसमोर बसून पॉलिसी वाच, दुसरी किल्ली शोध, आणि उद्या वर्ग सुरू व्हायच्या आधी गिअर लॉक लावलेली गाडी मला दाखव.