पाहिलेले आणि ऐकलेले: मार्गज्ञानाच्या प्रामाण्याचा विचार

एखादी गोष्ट स्वतः जाणणे आणि जाणणाऱ्याच्या सांगण्यावरून ती मानणे, या दोन्हींतून मिळणारे ज्ञान सारख्याच योग्यतेचे असते काय, हा प्रश्न भारतीय प्रमाणशास्त्राने, म्हणजे ज्ञानाची साधने कोणती व ती कितपत विश्वसनीय याची चिकित्सा करणाऱ्या शास्त्राने, फार बारकाईने हाताळला आहे. चार्वाकांनी प्रत्यक्षालाच प्रमाण मानले. वैशेषिकांनी आणि दिङ्नागाच्या परंपरेतील बौद्धांनी दुसऱ्याच्या शब्दापासून होणारे ज्ञान अनुमानात जमा केले. नैयायिकांनी मात्र शब्दाला स्वतंत्र प्रमाणाचे स्थान दिले आणि त्याचा भार 'आप्त', म्हणजे विश्वासास पात्र असा वक्ता, या कल्पनेवर ठेवला. संगणकांच्या जाळ्यांत हाच प्रश्न व्यवहाराचे रूप घेऊन उभा राहतो, आणि तेथे त्याला सोडून पुढे जाता येत नाही, कारण कोणाचे ऐकावे हे चुकले तर संदेशांचे तुकडे, ज्यांना पॅकेट म्हणतात, खरोखरच भलत्या दिशेला जातात.

राउटर म्हणजे दोन किंवा अधिक जाळ्यांच्या सांध्यावर बसून प्रत्येक पॅकेटला पुढची वाट दाखवणारे यंत्र होय. त्याच्या इंटरफेसला, म्हणजे बाहेरचा दुवा जेथे येऊन मिळतो त्या जागेला, पत्ता दिला आणि दुवा चालू झाला, की त्या दुव्यावरचे जाळे कोणी न सांगताच त्याच्या राउटिंग टेबलमध्ये नोंदले जाते. हाच 'कनेक्टेड', अर्थात थेट जोडलेला मार्ग. दूरची जाळी त्याला बहुधा शेजाऱ्यांकडून कळतात, आणि या शेजाऱ्यांच्या परस्पर संभाषणाचे नियम म्हणजे राउटिंग प्रोटोकॉल. एकाच ठिकाणाविषयी अनेक स्रोत बोलू लागले तर कोणाला मानावे, हे ठरवण्यासाठी सिस्कोच्या राउटरांत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स नावाची श्रेणी असते, आणि तीत अंक जितका लहान तितका विश्वास मोठा: थेट जोडलेल्या मार्गाला ०, माणसाने हाताने लिहिलेल्या मार्गाला १, ओएसपीएफ या प्रोटोकॉलने कळवलेल्याला ११० आणि आरआयपीने कळवलेल्याला १२०. प्रत्यक्षाला सर्व प्रमाणांत ज्येष्ठ मानण्याची जी वृत्ती दर्शनांत आढळते, तीच या शून्यातून व्यक्त झाली आहे.

थेट जोडलेल्या मार्गांचे पुनर्वितरण म्हणजे राउटरने स्वतः जाणलेली जाळी एखाद्या प्रोटोकॉलच्या द्वारे इतरांना कळवणे. ज्ञानाच्या दृष्टीने येथे मोठे स्थित्यंतर घडते, कारण एकाचे प्रत्यक्ष दुसऱ्याचे शब्दज्ञान बनते. इंटरफेस रीतसर प्रोटोकॉलमध्ये समाविष्ट केला तर त्यावरचे जाळे ओएसपीएफमध्ये अंतर्गत मार्ग म्हणून पोहोचते. तेच जाळे पुनर्वितरणाने आणले तर ते बाह्य मार्ग ठरते, आणि अंतर्गत व बाह्य यांत निवड करायची वेळ आली तर खर्चाचा आकडा न पाहता ओएसपीएफ अंतर्गत मार्गच निवडतो. ईआयजीआरपी या प्रोटोकॉलमध्ये हा भेद विश्वासाच्या वरील श्रेणीतील ९० आणि १७० अशा दोन अंकांनीच दाखवला जातो. जाळे तेच, दुवाही तोच. परंतु प्रोटोकॉलने तो आपल्या रीतीने ओळखला नसून केवळ एका राउटरच्या हवाल्यावर स्वीकारला आहे, ही गोष्ट त्या मार्गाच्या कपाळी लिहिली जाते. यात त्या मार्गाचा अवमान नाही. ज्ञान कोणत्या दाराने आत आले याची ती प्रामाणिक नोंद आहे.

ही नोंद का हवी, हे आरआयपी आणि ओएसपीएफ यांच्या तुलनेतून कळते. आरआयपीत प्रत्येक राउटर आपला निष्कर्ष तेवढा शेजाऱ्याला सांगतो, शेजारी त्यात एक पाऊल मिळवून तो पुढे सांगतो, आणि मुळात कोणी पाहिले होते हे मागे राहते. त्यामुळे दुवा तुटल्यावरही दोन राउटर एकमेकांच्याच जुन्या वार्तेवर विसंबून अंतर वाढवत राहू शकतात, आणि हा भ्रम कोठेतरी थांबावा म्हणून १६ या अंकालाच अनंत मानावे लागले. ओएसपीएफमध्ये एका क्षेत्रातील प्रत्येक राउटरचे निवेदन त्याच्या ओळखक्रमांकासह, मधल्या कोणी आशय न बदलता, सर्वांपर्यंत जाते आणि निष्कर्ष ज्याचा त्याने काढायचा असतो. नैयायिक वात्स्यायनाने आपल्या न्यायभाष्यात 'ऐतिह्य' म्हणून ज्या ज्ञानाचा विचार केला आहे, म्हणजे मूळ वक्ता अज्ञात असलेली परंपरागत वार्ता, तिची दुर्बलता नेमकी आरआयपीच्या या रीतीत दिसते.

दोन प्रोटोकॉलांत दोन ठिकाणी परस्पर पुनर्वितरण होते तेव्हा धोका अधिक गहन होतो, कारण एकीकडून गेलेला मार्ग दुसरीकडून नवे ज्ञान म्हणून परत येऊ शकतो आणि राउटर आपलाच प्रतिध्वनी पुरावा म्हणून स्वीकारू शकतो. यावर उपाय म्हणून मार्गाला टॅग, म्हणजे उगम सांगणारी खूण, लावतात आणि ती खूण असलेला मार्ग परतताना नाकारतात. खूण पुसली गेल्यास काय होते, हे २५ एप्रिल १९९७ रोजी जगाने पाहिले. ७००७ क्रमांकाच्या स्वायत्त जाळ्यातून, म्हणजे इंटरनेटमधील एकाच व्यवस्थापनाखालच्या एका जाळ्यातून, इतरांकडून ऐकलेले मार्ग बारीक तुकड्यांत विभागून आणि ते कोणाकडून आले याची साखळी गमावून, जणू ते तेथेच उगम पावले आहेत अशा रूपात घोषित झाले. अधिक नेमक्या पत्त्याचा मार्ग निवडावा हा सर्वत्र नियम असल्याने इंटरनेटवरील बरीच वाहतूक तिकडे ओढली गेली. सांगितलेली जाळी अस्तित्वात होती. खोटा होता तो ती स्वतः जाणल्याचा दावा.

आप्ताच्या लक्षणात वात्स्यायनाने दोन गोष्टी एकत्र आणल्या आहेत: वक्त्याने वस्तू साक्षात जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी; हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू होते, असेही तो स्पष्टपणे म्हणतो. यंत्राला इच्छा नसते, ती त्याची मांडणी करणाऱ्या माणसाची असते, म्हणून दुसऱ्या अटीची जबाबदारी माणसावरच येते. यावर असा आक्षेप घेता येईल की शून्य अंकाचे ज्ञानही निर्दोष नाही, कारण इंटरफेसचा पत्ता माणसानेच दिलेला असतो आणि तो चुकू शकतो. आक्षेप खरा आहे. परंतु त्याने शब्दप्रमाण कोसळत नाही, तर चूक शोधण्याची वाट दिसते, कारण मूळ ज्ञात्याचे नाव जपले असेल तरच त्याच्यापर्यंत परत जाऊन त्याचे ज्ञान तपासता येते. म्हणून ऐकीव ज्ञान प्रत्यक्षापेक्षा स्वभावतःच हीन आहे असे म्हणण्याचे कारण नाही. त्याला हीनता येते ती ऐकलेले पाहिलेले म्हणून सांगितल्याने, आणि हा दोष शब्दाचा नसून सांगणाऱ्याच्या आचरणाचा आहे. दुसऱ्याच्या शब्दावर जगणाऱ्या कोणत्याही समाजात, मग तो यंत्रांचा असो वा माणसांचा, आपण काय जाणतो याइतकेच ते कसे जाणतो हे सांगणे हा धर्म ठरतो.